पंच क्रमांक दोन

चौकीसमोर शिलाईचं दुकान असलं
की एक कर भरावाच लागतो.
हवालदार हात करतो, "पत्रूभाऊ, या जरा,"
आणि तुम्ही पंच होता.

त्या दिवशी गळ्यात टेप, ओठांत टाचणी,
मशीनवर कोणाचा तरी अर्धा झंपर.
चहाच्या कपाशेजारी तीन कागद.
"तांब्याची तार, सात किलो,
बोडीवरच्या मोटरची. शालिक निकुरेच्या घरून जप्त."
पोतं शिवायला दोरा मागितला, निळी रीळ दिली.
तोंड बांधूनच आणलेलं होतं ते.
सही केली. माझी सही चांगली आहे,
शाळेत तेवढंच कौतुक झालेलं.

आठ वर्षांनी समन्स आलं.

भाचा ओहायोत असतो, आता तिकडचाच नागरिक.
आपली रविवारची सकाळ, त्याची शनिवारची रात्र.
म्हणाला, मामा, मलाही कोर्टाचं पत्र आलंय,
बारा जणांत बसायचं.
रस्त्यावरचीच माणसं, एखादी नर्स, एखादा ट्रकवाला,
आणि एकमत होईस्तोवर उठायचं नाही.
मी विचारलं, पोतं तुमच्यासमोर उघडतात का रे?
तो थांबला जरा. मग म्हणाला,
खरं सांगू, बारा जणांपर्यंत पोचतंच कुठं.
शंभरातली नव्वद आधीच तुटतात:
एवढं कबूल कर, एवढी वर्षं कमी.
म्हणजे बैलबाजारच, मी म्हणालो,
फक्त रुमालाखाली बोटं नाहीत.

सिंदेवाहीच्या कोर्टात पंखा एक,
वारा साहेबांकडे.
शिपायाने तीनदा पुकारलं,
माझंच नाव, पण ते कुण्या मेलेल्या माणसाचं वाटलं.
शपथ घेतली. खरं सांगेन, खोटं सांगणार नाही.
आरोपीच्या पिंजऱ्यात शालिक, केस पांढरे झालेला.
सातबारावाला जामीनदार मिळाला नाही म्हणून
चौदा महिने चंद्रपूरला आत होता,
निकाल लागायच्या आधीच.

सरकारी वकिलांनी पोतं टेबलावर ठेवलं.
लाखेचे तुकडे पडले, उंदराने एक कोपरा खाल्लेला.
"ओळखता?"
ओळखलं. दोरा माझाच होता,
टाका मात्र माझा नव्हता, इतका आडवातिडवा
मी झोपेतही घालणार नाही.
"सही?"
माझीच.
"मग आत काय आहे, तुमच्यासमक्ष भरलं ना?"

साहेब लिहिता लिहिता थांबले.
मी म्हणालो, दोरा माझा, सही माझी.
आतलं मी पाह्यलंच नाही.

वकील घसा खाकरून म्हणाले, साक्षीदार फितूर.
फितूर.
किल्ल्याचा दरवाजा आतून उघडणाऱ्याला म्हणतात तो.
मी तर पोतं बंद होतं एवढंच सांगितलं.

भत्त्याच्या कागदावर पुन्हा सही,
आणि चारची एसटी.
शालिक शेजारी येऊन बसला, काही न विचारता
दोघांचं तिकीट काढलं त्याने.
मोहाची झाडं मागे पडत गेली.
बरंच पुढे आल्यावर, खिडकीबाहेर बघत,
"भाऊ, तार म्याच नेली होती."

मी गप्प.

"पण तीन किलो होती.
सात नोती.
बाकीची चार कुठून आली, मले नाही ठाव."

फाट्यावर उतरला. चप्पल हातात घेऊन
बांधीच्या धुऱ्यावरून चालत गेला,
मागं वळून बघितलं नाही.

पुढे निकाल लागला. निर्दोष,
संशयाचा फायदा देऊन.
भाच्याला सांगितलं तर तो म्हणाला, इकडेही तसंच असतं,
पण ते चार किलो मामा, ते कुणाचे?

निळी रीळ अजून गल्ल्यात आहे.
त्या दोऱ्याने मी काही शिवत नाही.
गिऱ्हाईक नसलं की बोटाला गुंडाळतो,
सोडतो, पुन्हा गुंडाळतो,
आणि समोरून कुणी हात केला
तर टाचणी ओठांतच राहू देतो.